नाणेफेक जिंकल्यावर : खो-खोतील एका निवडीचा इतिहास

नाणेफेक जिंकल्यावर आधी पाठलाग घ्यावा की आधी पळती, हा प्रश्न खो-खो खेळलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी पडलेला असतो. साहित्याच्या विद्यार्थी-अध्यापकांपुढे तो मांडताना थोडा संकोच वाटतो. तरीही मांडतो, कारण या लहानशा निवडीच्या आडून इतिहासलेखनातला एक जुना पेच डोकावतो : घडून गेलेल्या निर्णयाची पारख त्याच्या परिणामावरून करावी काय?

प्रसंग धुळ्याचा आहे आणि १९८० नंतरच्या दशकातला आहे. शालेय स्पर्धांची विभागीय फेरी होती. समोर जळगाव जिल्ह्यातला संघ. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेश पुढे जळगाव झाला, पश्चिम खानदेश धुळे झाला. तेव्हापासून या दोन भावंडांत जी गोड चुरस आहे, तिचा एक धागा त्या दिवशी आमच्या मैदानावरही होता. आमच्या कर्णधाराने नाणेफेक जिंकली आणि पाठलाग मागितला. आमच्या बाजूच्या लोकांत कुजबुज झाली. ‘जिंकली नाणेफेक तर पळती घ्यावी’ हा तेव्हा आमच्याकडचा रिवाज होता. पहिल्या डावात आम्ही नऊ गडी बाद केले, त्यांनी आठ. दुसऱ्या डावात आम्ही सात बाद केले. शेवटच्या पाठलागात त्यांना विजयासाठी नऊ गडी हवे होते. ते त्यांनी मिळवले आणि दीड मिनिट राखून सामना जिंकला. त्यानंतर कित्येक वर्षे गावातल्या ओट्यांवर एकच निवाडा ऐकू येत असे : नाणेफेक जिंकून सामना घालवला.

मी त्या संघात होतो. पाटीवर बसणाऱ्या नऊ जणांपैकी एक. त्या निवाड्यात मीही मान डोलावली आहे, हे आधीच कबूल करतो.

धुळे हे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या अखेरच्या वर्षांचे गाव. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड सिद्ध करणाऱ्या राजवाड्यांनी मराठी वाचकाला एक शिस्त लावली : अस्सल कागद हाती आल्याशिवाय विधान करू नये. ती शिस्त आमच्या सामन्याला लावून पाहिली तर काय दिसते? सामन्याचा अस्सल कागद म्हणजे गुणपत्रक. त्यात नाणेफेक कोणी जिंकली, त्याने काय निवडले, कोण किती मिनिटे पळाला, कोण कसा बाद झाला, हे सगळे असते. कर्णधाराने ते का निवडले, याचा रकाना मात्र त्यात नसतो. निर्णय कागदावर येतो आणि हेतू कागदाबाहेर राहतो. मग ती रिकामी जागा निकालाने भरली जाते. हरलेला हेतू चुकीचा ठरतो, जिंकलेला दूरदृष्टीचा.

म्हणून या निवडीचा थोडा मागोवा घेऊ. मुळात ही निवड आली कोठून?

नाण्याच्या आधी आपल्याकडे खापरी होती. खापरीच्या एका बाजूला थुंकी लावायची, वर उडवायची आणि ‘ओली की सुकी’ असे विचारायचे. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्त्यांच्या डावाला जणू सणाचीच मुभा असते. तेथे नशिबाचा कौल घेण्याचे कोणाला नवल नव्हते. परंतु मुलांच्या खेळातली ही ओली-सुकी आणि आजची नाणेफेक यांत एक मूलभूत फरक आहे. ओली-सुकीने फक्त एवढेच ठरे की राज्य कोणावर. ज्याच्यावर राज्य येई त्याने इतरांच्या मागे धावायचे आणि कोणी हाती लागेपर्यंत धावतच राहायचे. मराठीने या ओझ्याला ‘राज्य’ हा शब्द का दिला असेल, यावर भाषेच्या अभ्यासकांनी जरूर विचार करावा. आपल्यापुरता मुद्दा असा की, राज्य कोणी मागून घेत नसे, ते येत असे. हरणाऱ्याला शिक्षा होती आणि जिंकणाऱ्याला सुटका. जिंकणाऱ्यापुढे दोन बऱ्या गोष्टी ठेवून त्यांतली एक निवडायला सांगणे, हा प्रकारच त्या खेळात नव्हता.

तो आला नियमांबरोबर. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधण्यास आरंभ केला. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ च्या सुमारास देशी खेळांचे नियम छापील रूपात आणले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत खो-खोही होता. १९५९-६० मध्ये विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. या साऱ्या वाटचालीत मैदानाची मापे ठरली, खांब ठरले, गड्यांची संख्या ठरली, हे आपण सहसा सांगतो. त्याहून खोल जाणारा बदल मात्र वेगळाच होता : राज्याचा डाव झाला. पाठलाग ही शिक्षा राहिली नाही. घड्याळाने मोजलेली, दोन्ही संघांना सारखीच मिळणारी ती एक संधी झाली. आणि दोघांना सारखेच मिळणार म्हटल्यावरच ‘आधी कोणी’ हा प्रश्न अर्थपूर्ण झाला.

ज्यांनी खो-खो केवळ दुरून पाहिला आहे त्यांच्यासाठी रचना थोडक्यात सांगतो. पारंपरिक सामन्यात दोन डाव असतात. प्रत्येक डावात दोन्ही संघ एकदा पाठलाग करतात आणि एकदा पळतात. प्रौढ गटात एक पाळी नऊ मिनिटांची. पाठलाग करणारे नऊही गडी मैदानात असतात : आठ पाटीवर, एक उठलेला. पळणारे तिघातिघांच्या तुकडीने आत येतात. तिघे बाद झाले की पुढचे तिघे. बाद केलेल्या प्रत्येक गड्याचा एक गुण. पळणाऱ्याला गुण नाही, त्याची कमाई म्हणजे वेळ. जो संघ आधी पाठलाग करतो तो पहिल्या आणि तिसऱ्या पाळीत करतो. दुसरा संघ दुसऱ्या आणि चौथ्या पाळीत.

या रचनेतच दोन्ही बाजूंचे युक्तिवाद दडलेले आहेत. आधी पळती घेणारा म्हणतो : माझे सर्वोत्तम तीन पळपुटे ताज्या पायांनी आत जातील, आणि सामन्याची अखेरची पाळी माझ्या पाठलागाची असेल, तेव्हा किती गुण हवेत हे मला ठाऊक असेल. आधी पाठलाग घेणारा म्हणतो : प्रतिपक्षाचे पळणारे अजून मैदानाला सरावलेले नाहीत, तोवर धक्का देईन, आघाडी घेतली की तिचे दडपण त्यांच्यावर राहील, आणि शेवटी मला काही मिळवायचे नसेल, फक्त टिकायचे असेल. यात फॉलोऑनचाही हिशेब येतो. आधी पाठलाग करणाऱ्या संघाची आघाडी ठराविक गुणांच्या पुढे गेली तर तो प्रतिपक्षाला लागोपाठ दुसऱ्यांदा पाठलाग करायला लावू शकतो. नऊच्या नऊ गडी थकवणारे काम पुन्हा लगेच करणे काय असते, हे ज्याने केले आहे त्यालाच कळते. त्यात खानदेशातले ऊन आणि काळी भुसभुशीत माती. पहिल्या पाळीत पक्की असलेली जमीन तिसऱ्या पाळीपर्यंत पायांखाली पीठ होते, वळताना पाय सरकतो आणि सुराला मात्र थोडी मऊ जागा मिळते. पुस्तकातल्या नियमांइतकेच मैदानही निर्णय घेत असते.

वृत्तपत्रांची भाषा पाहिली तर ही निवड निकालाच्या शब्दांतही उतरलेली दिसते. शेवटी पाठलाग करून जिंकणारा संघ ‘दीड मिनिट राखून’ जिंकतो. आधी पाठलाग करून, शेवटी पळून जिंकणारा ‘तीन गुणांनी’ जिंकतो. ज्याला दुसऱ्यांदा पाठलाग करावाच लागत नाही तो ‘एक डाव राखून’ जिंकतो. म्हणजे नाणेफेकीनंतर कर्णधाराने उच्चारलेला एक शब्द दुसऱ्या दिवशीच्या बातमीचे व्याकरण ठरवतो. ‘दीड मिनिट राखून’ या शब्दांत एक सहजता आहे, जणू जिंकणाऱ्याकडे अजून बरेच शिल्लक होते. आमचा पराभव गुणांच्या भाषेत केवळ एका गुणाचा होता. परंतु तो वेळेच्या भाषेत छापला गेला आणि म्हणून मोठा भासला.

बरोबरीनंतरची व्यवस्थाही बोलकी आहे. दोन डावांनंतर बरोबरी राहिली तर जादा डाव. तरीही बरोबरी राहिली तर लघुत्तम आक्रमण, म्हणजे कोण कमी वेळात पहिला गडी टिपतो त्याची कसोटी. येथे दुसऱ्याने पाठलाग करणाऱ्याला नेमके किती सेकंद हाताशी आहेत हे कळलेले असते. या ज्ञानाने हात स्थिर होतो की थरथरतो? मी दोन्ही पाहिले आहे.

हा प्रश्न आपल्या पाटीपुरताच नाही. १८६३ साली इंग्लंडमध्ये फुटबॉलचे पहिले नियम बांधले गेले तेव्हा नाणेफेक जिंकणाऱ्याला बाजू निवडण्याचा हक्क होता आणि चेंडूला पहिली लाथ हरणारा मारी. म्हणजे वारा आणि उतार यांना सुरुवातीपेक्षा अधिक मोल होते. १९९७ ते २०१९ या काळात तर जिंकणाऱ्याला केवळ बाजूच निवडता येई. २०१९ पासून बाजू किंवा आरंभीची लाथ, दोन्हींतून एक निवडता येते. अमेरिकी फुटबॉलमध्ये ही निवड अधिक तीव्र आहे. तेथे पहिला चेंडू ज्याला मिळतो त्याला पहिली चढाई मिळते आणि दुसऱ्या अर्धाच्या आरंभी ती संधी समोरच्याला. २००८ साली तेथील व्यावसायिक लीगने नाणेफेक जिंकणाऱ्याला तिसरा पर्याय दिला : निवड आता करू नका, दुसऱ्या अर्धासाठी राखून ठेवा. त्याआधी बहुतेक कर्णधार डोळे मिटून चेंडू मागत. पुढच्या काही वर्षांत राखून ठेवणे हाच शहाणपणा ठरला. खेळाडू तेच, मैदान तेच. नियमातली एक ओळ बदलली आणि जे धाडस होते ते शिरस्ता झाले.

अर्थात शिरस्ता म्हणजे सत्य नव्हे. त्याच लीगच्या फेब्रुवारी २०२४ मधील अंतिम सामन्यात बरोबरी झाली आणि जादा वेळ खेळवावा लागला. नवीन नियमाने दोन्ही संघांना एकेक चढाई निश्चित मिळणार होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने नाणेफेक जिंकून आधी चढाई घेतली आणि तीन गुण मिळवले. आपल्याला तीनहून अधिक हवेत, हे ओळखून कॅन्सस सिटीने नंतरच्या चढाईत सामना २५-२२ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी जगभर एकच चर्चा : आधी का घेतली? सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रशिक्षकाचा हिशेब असा होता की, दोघांची बरोबरी झाली तर तिसरी, म्हणजे निर्णायक चढाई आपली असेल. हिशेब चुकीचा नव्हता. सामना तिसऱ्या चढाईपर्यंत पोहोचलाच नाही, इतकेच.

आपल्या क्रिकेटरसिकांना यासाठी इतके दूर जायला नको. २३ मार्च २००३ रोजी जोहान्सबर्गला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सौरव गांगुलीने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले. ऑस्ट्रेलियाने २ बाद ३५९ केल्या आणि भारत १२५ धावांनी हरला. ती निवड आजही दूषण म्हणून सांगितली जाते. २ एप्रिल २०११ रोजी मुंबईत वानखेडेवर तर नाणेफेक दोनदा झाली, कारण पहिल्या वेळी संगकाराचा कौल गर्दीच्या गलक्यात नीट ऐकूच आला नव्हता. दुसऱ्या वेळी ती श्रीलंकेने जिंकली, फलंदाजी घेतली, २७४ धावा केल्या आणि भारताने ४ बाद २७७ करून चषक उचलला. त्या दिवशी पहिला कौल स्पष्ट ऐकू आला असता तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा आहे. परंतु जिंकलेल्यांच्या कथेत तो कोणी विचारत नाही, हे मात्र इतिहासाच्या कक्षेतले आहे.

आकडे काही सांगतात का? फुटबॉलमधील पेनल्टीच्या फैरींबाबत २०१० साली एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने दाखवले की आधी लाथ मारणारा संघ साधारण ६० टक्के वेळा जिंकतो. त्याचा इतका परिणाम झाला की २०१७ मध्ये फैरींचा क्रम बदलण्याचे प्रयोग सुरू झाले. पुढच्या अधिक मोठ्या अभ्यासांना तो फायदा तसा आढळला नाही, आणि २०१८ मध्ये प्रयोगही थांबले. शेकडो सामन्यांचे कागद असूनही ही गत, मग एका सामन्याच्या एका कागदावरून आमच्या गावाने दिलेला निवाडा किती पक्का मानायचा?

खो-खोचे नियमही स्थिर राहिले नाहीत. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे या दोन महाराष्ट्रीय कर्णधारांच्या संघांनी नेपाळला हरवले : पुरुषांनी ५४-३६, महिलांनी ७८-४०. तेथे मैदानात सात गडी, सात मिनिटांची पाळी आणि बाद केल्यास दोन गुण. शिवाय पळणाऱ्यांची तुकडी ठराविक वेळेपलीकडे टिकली तर तिलाही गुण. दोन्ही सामन्यांत पहिला पाठलाग भारताचा होता. पहिल्या पाळीअखेर पुरुषांचे २६ गुण झाले होते आणि महिलांचे ३४, समोरच्यांचे शून्य. पहिल्या धक्क्याचा युक्तिवाद इतका ठळकपणे क्वचितच सिद्ध झाला असेल. पण त्याच महिलांच्या सामन्यात शेवटच्या पाळीत भारतीय मुलींनी पळता पळता पाच गुण मिळवले, जे जुन्या नियमांत मिळालेच नसते. पळतीला गुण मिळू लागले की ‘आधी पळती’ या रिवाजाचा अर्थही बदलतो. आमच्या गावाचे शहाणपण खोटे नव्हते. ते एका नियमपुस्तिकेचे शहाणपण होते.

आता पुन्हा त्या मैदानाकडे वळतो. काही वर्षांपूर्वी आमचा कर्णधार एका लग्नात भेटला. जेवणानंतर जुन्या गोष्टी निघाल्या, आणि मी चाळीस वर्षांचा प्रश्न विचारला. तो आधी हसला. मग म्हणाला, ‘आपला पहिला पळणारा कुठे होता, आठवतं तुला?’

मला आठवत नव्हते. त्याला आठवत होते. ते कापूस वेचणीचे दिवस होते. आमच्या पहिल्या तुकडीतला सर्वांत चपळ मुलगा पहाटे शेतात वेचणीला गेला होता आणि नाणेफेकीच्या वेळी मैदानावर पोहोचलाच नव्हता. बारा जणांच्या यादीत त्याचे नाव होते, पण माणूस नव्हता. आधी पळती घेतली असती तर त्याच्याविना पहिली तुकडी आत पाठवावी लागली असती. पाठलाग घेतला तर पाटीवर त्याच्या जागी राखीव गडी बसवता येत होता, आणि एका पूर्ण पाळीची मुदत मिळत होती. पाळी संपता संपता तो धापा टाकत आला, कपडे बदलून आत गेला आणि त्या दिवशी आमच्या बाजूने सर्वांत जास्त वेळ तोच टिकला. तो आला नसता तर शेवटच्या पाळीत त्यांना नऊ नव्हे, कदाचित पाच-सहाच गडी पुरले असते.

‘मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस?’ मी विचारले.

‘सांगितलं असतं तर सगळे त्याच्या मागे लागले असते. बापाला शेतात मजूर परवडत नव्हता, म्हणून पोर गेलं होतं वेचायला. मी काय, कर्णधारच होतो.’

गुणपत्रकात यातले काहीच नाही. नाणेफेक, निवड, वेळा, निकाल : प्रत्येक नोंद खरी आहे. आणि त्या खऱ्या नोंदींवरून आम्ही सर्वांनी मिळून काढलेला निष्कर्ष खोटा होता. कागदाशिवाय लिहू नये ही राजवाड्यांची शिकवण योग्यच आहे. तिला मी माझ्यापुरती एक पुरवणी जोडली आहे : कागदावर ज्या प्रश्नाचा रकाना नाही, त्याचे उत्तर कागदाच्या नावाने देऊ नये. विशेषतः ज्याच्याविषयी निवाडा द्यायचा तो माणूस हयात असेल आणि आपल्याच गावात राहत असेल, तर आधी त्याला विचारावे.

आधी पाठलाग घ्यावा की आधी पळती, याचे सर्वकाळी लागू पडणारे उत्तर माझ्यापाशी नाही. नियम काय आहेत, जमीन कशी आहे, ऊन कोणत्या बाजूला आहे आणि आपली नऊ माणसे त्या क्षणी कोठे आहेत, यावर ते ठरते. आमच्या कर्णधाराने नाणे खाली पडल्यावर यातला शेवटचा प्रश्न आधी विचारला. त्या दिवशी राज्य आपल्यावर घेतले, आणि पुढे चाळीस वर्षे ते कोणावर जाऊ दिले नाही.